विषय दोन, प्रश्न एक

बारावीनंतर कला शाखेत आलेल्या मुलामुलींना हल्ली पहिल्याच महिन्यात निवड करावी लागते. मेजर कोणता, मायनर कोणता, ओपन इलेक्टिव्ह कोणता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी हा साचा स्वीकारला आणि ‘आंतरविद्याशाखीय’ हा लांबलचक शब्द माहितीपत्रकांवर झळकू लागला. प्रत्यक्षात मायनर ठरतो तो वेळापत्रकावर, मैत्रिणीनं काय घेतलं त्यावर, आणि कुठला पेपर सोपा असतो या वरच्या वर्गातून आलेल्या बातमीवर. त्यात गैर काही नाही. अठराव्या वर्षी बहुतेक जण असंच निवडतात. पण गुणपत्रिकेवर दोन विषय शेजारी छापले गेले म्हणून ते डोक्यातही एकमेकांना भेटतात असं नाही.

एक उदाहरण घ्या. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली आणि कर्जाचे कागद जाळले. पाठोपाठ १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ आला. १८७९ मध्ये सरकारनं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जाबाबतचा कायदा केला. १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. यातल्या पहिल्या तीन गोष्टी इतिहासाच्या तासाला येतात, चौथी मराठीच्या. ग्रामीण कर्जबाजारीपणा अर्थशास्त्राच्या पुस्तकात वेगळं प्रकरण म्हणून बसलेला असतो. एकच विद्यार्थिनी एकाच आठवड्यात हे सगळं ऐकते, तीन वह्यांत लिहून घेते, आणि हे सगळं आठ वर्षांत, त्याच मुलखात घडलं, हे तिला कुणी सांगत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला: विषयांची जोडी शोधू नका, प्रश्न शोधा. एका विषयाच्या हत्यारांनी सुटत नाही असा प्रश्न हाती आला, की दुसरा विषय आपोआप लागतो. उलट दिशेनं गेलं की ‘साहित्य आणि समाज’, ‘इतिहास आणि संस्कृती’ अशा शीर्षकांचे प्रकल्प तयार होतात. ‘आणि’च्या दोन्ही बाजूंना काही ना काही असतं, मध्ये काहीच नसतं.

प्रश्न कसा असावा, हे अमूर्त बोलण्यापेक्षा एक विषय धरून पाहू. १९७२ चा दुष्काळ. महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक ग्रामीण घरात त्याची एखादी गोष्ट आहे, त्यामुळे सामग्रीसाठी लांब जावं लागत नाही. ‘१९७२ चा दुष्काळ: एक अभ्यास’ हा प्रश्न नाही, तो फक्त मथळा आहे. ‘दुष्काळाचे समाजावर झालेले परिणाम’ हाही नाही. त्याचं उत्तर अभ्यासाला बसण्यापूर्वीच ठरलेलं असतं. प्रश्न असा हवा: माझ्या तालुक्यात त्या वर्षी खडी फोडायला गेलेल्या बायकांना ते काम कसं आठवतं, आणि तेच काम सरकारी कागदांत कसं नोंदलं गेलं? यात जागा ठरली, काळ ठरला, माणसं ठरली. शिवाय उत्तर आपल्याला आधी माहीत नाही, हे महत्त्वाचं.

आता पाहा, या प्रश्नाला काय काय लागतं. १९७० पासून पाऊस कमी पडत होता आणि १९७२ साली तो फारच दगा देऊन गेला. पण सह्याद्रीच्या पूर्वेचा पर्जन्यछायेचा पट्टा समजून घेतल्याशिवाय माण किंवा आष्टी तालुक्यात काय झालं हे कळणार नाही. ते भूगोलाचं काम. सरकारनं दुष्काळी कामं काढली: खडी, रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव. १९७३ च्या उन्हाळ्यात ऐन टोकाच्या काळात या कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. हा आकडा वाचायचा कसा, त्यातून कुणाच्या हातात किती पैसे आले, धान्याचा भाव काय होता, हे अर्थशास्त्र. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकारातून आलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर उभी राहिली. पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. एका आपत्तीतून कामाचा हक्क कायद्यात कसा आला, हा राज्यशास्त्राचा धागा. आणि अमेरिकेतून आलेला लाल मिलो (ज्वारीचाच एक प्रकार), कामावर वाटलेली सुखडी, मुकादमाची हजेरी, झाडाला बांधलेली झोळी या गोष्टी आठवणींत मिळतात. त्या ऐकायच्या कशा, उतरवायच्या कशा, त्यांच्यावर विश्वास कितपत ठेवायचा, हे मौखिक इतिहास आणि साहित्याच्या अभ्यासकांचं क्षेत्र.

इथवर सोपं आहे. अवघड भाग पुढे येतो, आणि खरा अभ्यास तिथेच सुरू होतो.

अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळावर तपशिलानं लिहिलं आहे. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा: राज्यात धान्य फार घटलं होतं, तरी भूकबळींची लाट आली नाही, कारण दुष्काळी कामांच्या मजुरीमुळे लोकांच्या हातात खरेदीची ताकद राहिली. जगभरच्या दुष्काळांशी तुलना करता हे मोठं यश होतं. आता हेच तुम्ही तुमच्या गावातल्या आजीला सांगून पाहा. ती यशाबद्दल बोलणार नाही. ती सांगेल की मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे, मस्टरवर नाव असून पगार आठवडे आठवडे अडकायचा, आणि घरंदाज म्हणवणाऱ्या बायका तोंडावर पदर ओढून खडीवर येत.

विद्यार्थी इथे दोनपैकी एक चूक करतात. मराठीचा विद्यार्थी म्हणतो, आकडे खोटे, अनुभव खरा. अर्थशास्त्राचा म्हणतो, आठवणी भावनिक असतात, त्या सोडा. दोघांनीही आपापल्या विषयाची बाजू घेतली, प्रश्नाची नाही. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात, कारण एक विचारतं ‘माणसं जगली का’ आणि दुसरं विचारतं ‘कशी जगली’. ही फट नेमकी कुठे आहे, तिच्यात काय दडलंय, हे लिहिता आलं तर तुमचा प्रकल्प कुठल्याही एका विषयात मावणार नाही. प्रबंधाची अर्धी पानं इथे खर्च करा. प्रस्तावना दीड पानात आटपा.

दुसरा विषय पुरता शिकावा लागत नाही, पण त्यातलं एक हत्यार तरी नीट चालवता आलं पाहिजे. मराठीच्या विद्यार्थ्यानं सांख्यिकीचा अख्खा पेपर घ्यायची गरज नाही. दरडोई म्हणजे काय, सरासरी कधी फसवते, भाववाढ वजा करून मजुरी कशी मोजायची, एवढं तरी त्याला आलं पाहिजे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीनं कथनमीमांसेचे ग्रंथ वाचायला नकोत. मुलाखत बोलीतच उतरवावी, प्रमाणभाषेत ‘सुधारू’ नये. बोलणारी कुठे थांबली, कुठे ‘आम्ही’चं ‘मी’ झालं, तेही टिपावं. एवढं तिनं शिकावं. हे काम काही आठवड्यांचं आहे. मात्र ते टाळून दुसऱ्या विषयातले चार मोठे शब्द उसने आणले, तर ते वाचणाऱ्याला पहिल्याच पानावर कळतं.

आपल्याकडे ज्यांनी हे केलं त्यांची कामं या दृष्टीनं वाचावीत. दामोदर धर्मानंद कोसंबी गणितज्ञ होते. चलनात फिरताना नाणं झिजतं आणि त्याचं वजन घटतं, या साध्या गोष्टीवर त्यांनी प्राचीन आहत नाण्यांच्या कालक्रमाचा अभ्यास उभा केला. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या काळातली चालू नाणीही तोलून पाहिली. तेच कोसंबी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढत होते, आणि पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर पायी हिंडून देवींची ठाणी, दगडी हत्यारं आणि कार्ल्याकडे जाणाऱ्या जुन्या वाटा यांचा मेळ घालत होते. १९५६ साली आलेल्या त्यांच्या भारतीय इतिहासाच्या ग्रंथामागे हे सगळं आहे. त्यांचे सगळेच निष्कर्ष आज मान्य नाहीत, पण गणिताचा उपयोग त्यांनी कधी शोभेला केला नाही, एवढं पाहण्यासारखं आहे.

इरावती कर्वे यांचं डॉक्टरेटचं शिक्षण बर्लिनमध्ये झालं आणि प्रबंध मानवी कवटीच्या मोजमापांवर होता. पुढे डेक्कन कॉलेजात असताना त्या नात्यागोत्यांच्या रचनेवर ग्रंथ लिहितात, पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालतात आणि एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगळे बसतात हे टिपतात, आणि १९६७ मध्ये ‘युगान्त’ लिहितात. ‘युगान्त’ वाचून अनेकांना वाटतं की महाभारतावर असं मोकळं लिहिता येतं. येतं, पण त्याच्या पायाशी भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती आहे. कित्येक दशकं पोथ्यांचे पाठ ताडून पाहणाऱ्या पंडितांनी ती सिद्ध केली होती. मानववंशशास्त्राची नजर आणि पाठचिकित्सेची शिस्त एकत्र आली म्हणून ते पुस्तक झालं. नुसत्या नजरेवर झालेली पुस्तकं नंतर पुष्कळ आली, त्यांबद्दल न बोललेलं बरं.

एकट्यानंच सगळं करावं असंही नाही. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून, गावोगावच्या कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे बर्नार बेल त्यात आले आणि त्या सामग्रीची शोधता येईल अशी नोंदव्यवस्था उभी राहिली. आज त्या ओव्या ग्रामीण भारतावरच्या ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर ध्वनिमुद्रणासह ऐकता येतात. तिथे विषयवार शोध घेऊन पाहा: माहेर, भाऊ, सासुरवास, आंबेडकर, पाऊस. प्रकल्पासाठी गाडीभाडं परवडत नसेल, तर घरबसल्या करता येण्याजोगा याहून चांगला कच्चा माल मराठीत मला माहीत नाही.

आणखी एक माणूस मला या संदर्भात नेहमी आठवतो: हॅरॉल्ड मॅन. पुण्याच्या शेतकी कॉलेजचा प्राचार्य, शिक्षणानं रसायनशास्त्रज्ञ. माती तपासता तपासता त्याच्या लक्षात आलं की शेतकऱ्याचा प्रश्न मातीत संपत नाही. मग त्यानं पिंपळे सौदागर या गावातली जमीन, तिचे तुकडे, कर्ज आणि घरोघरचा खर्च मोजला आणि १९१७ साली त्याचं पुस्तक आलं. ते पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवडमध्ये आहे आणि तिथे आयटीतली माणसं फ्लॅटचे हप्ते भरतात. कर्ज तेव्हाही होतं, आताही आहे. पिंपरीच्या एखाद्या विद्यार्थिनीनं हाच धागा धरून आजची पाहणी करायला काय हरकत आहे?

आता एक धोका. दुसऱ्या विषयातला निष्कर्ष आपण उचलतो तेव्हा तो त्या विषयात अजून टिकून आहे का, हे बघत नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. १९६८ पासून पंधरा वर्षं डेक्कन कॉलेजनं तिथे उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळातली शेतकरी वस्ती उजेडात आणली. शेवटच्या टप्प्यात तिथली ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात, शेती आक्रसते. हवामान कोरडं झालं म्हणून असं घडलं, असं तेव्हाच्या संशोधकांनी मांडलं आणि ते इतिहासाच्या पुस्तकांत, भाषणांत, लेखांत स्थिरावलं. पुढे तिथल्या सांगाड्यांवर आणि प्राचीन हवामानाच्या नव्या नोंदींवर काम करणाऱ्यांनी या सरळ कार्यकारणावर प्रश्न उभे केले. मूळ विषयात वाद चालू आहे आणि शेजारच्या विषयात जुनं उत्तर पाठ केलं जातंय, असं वारंवार होतं. म्हणून कुठलाही उसना निष्कर्ष वापरण्यापूर्वी त्या विषयाच्या प्राध्यापकांना एकच विचारा: ‘सर, हे अजून मानतात का?’ दोन मिनिटांचं काम आहे.

साहित्य वापरणाऱ्यांसाठी याच जातीची एक सूचना. दुष्काळावर लिहायचं म्हटलं की हात ‘बनगरवाडी’कडे जातो. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ ची, आणि तिच्यातला दुष्काळ त्याहून जुन्या, औंध संस्थानातल्या माणदेशाचा. १९७२ चा पुरावा म्हणून तिच्यातले उतारे देता येणार नाहीत. गाव ओस पडणं मराठी कादंबरीनं कसं सांगितलं आणि त्या सांगण्याची छाया पुढच्या आठवणींवर पडली का, एवढं मात्र विचारता येईल. तोही प्रश्न चांगलाच आहे, फक्त वेगळा आहे.

कागद कुठे मिळतील? जुन्या काळासाठी मुंबई इलाख्याची जिल्हा गॅझेटिअर्स, पुण्याचं पुराभिलेखागार, मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार. शेती आणि अर्थकारणासाठी गोखले अर्थशास्त्र संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय. गावपातळीच्या आकड्यांसाठी जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका. १९६१ च्या जनगणनेत तर महाराष्ट्रातल्या जत्रा-उत्सवांवर स्वतंत्र खंड निघाला होता. शब्दांसाठी मोल्सवर्थ आणि दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही आता जालावर शोधता येतात. इंग्रजी लेख वाचून मराठीत लिहिताना पारिभाषिक शब्द अडला तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. तिथला शब्द बोजड वाटला तर रूढ शब्द बेलाशक वापरा. जिल्हा ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधणी असतात. धूळ असते, पण नियतकालिक विभागातला कर्मचारी सहसा मदत करतो. दप्तरात शोधताना एक लक्षात ठेवा: महाराष्ट्रानं १९६३ मध्ये कायदा करून राज्यातल्या कायद्यांतून ‘दुष्काळ’ हा शब्दच काढला आणि जागी ‘टंचाई’ आणली. तेव्हा फायलींच्या यादीत ‘टंचाई’ आणि ‘आणेवारी’ (पिकाचा सरकारी अंदाज) पाहा, नाहीतर काही नाहीच असं वाटून परत याल. काही पुरावा कागदावर नसतोच. त्या वर्षी बांधलेला पाझर तलाव गावाबाहेर असतो. त्याचा बांध चढून बघा, आता त्याचं पाणी कुणाच्या विहिरींना लागतं तेही विचारा.

मुलाखतीबद्दल थोडं. ‘दुष्काळाचा तुमच्यावर काय परिणाम झाला?’ असं विचारलं की पेपरात छापून येतं तसलं उत्तर मिळतं. वस्तूंबद्दल आणि कृतींबद्दल विचारा. भाकरी कशाची असायची? पाणी कुठून आणायचात? लेकरू कुणाजवळ ठेवायचात? मजुरी तुमच्या हातात यायची की घरातल्या माणसाच्या? आजी, काकू, मावशी जे नातं तिथे चालत असेल ते वापरा, पण प्रकल्पाचं सांगून, ध्वनिमुद्रणाला होकार घेऊनच बसा. पाच जणांनी मोबाइल पुढे धरून घोळका करू नका. कुणाला कुठल्या विहिरीवर पाणी भरू दिलं जाई, हा प्रश्न विचारावाच लागेल, कारण त्या काळाचा पाण्याचा इतिहास जातीशिवाय लिहिताच येत नाही. बाबा आढावांची ‘एक गाव, एक पाणवठा’ मोहीम त्याच सुमाराची. मात्र पहिल्या भेटीत, चारचौघांत तो विचारू नका. आणि एकाच वस्तीत मुलाखती घेऊन ‘गावाचं म्हणणं’ असं लिहू नका.

कॉलेजातली अडचण मी लपवत नाही. अभ्यासक्रम आंतरविद्याशाखीय झाले तरी तपासणारी माणसं आपापल्या विषयातच घडलेली आहेत. तोंडी परीक्षेत हमखास विचारतील: ‘हे नक्की कोणत्या विषयात बसतं?’ गोंधळू नका. माझा मूळ विषय अमुक, प्रश्न अमुक, त्यासाठी अमुक विषयाची ही एक पद्धत घेतली, ती तमुक प्राध्यापकांकडून तपासून घेतली. हे चार वाक्यांत सांगता आलं की विरोध मावळतो. त्यासाठी मूळ विषय मात्र पक्का हवा. घराचा पत्ता नसलेल्याला कुणी पाहुणा म्हणूनही ठेवून घेत नाही. दुसऱ्या विभागातल्या सरांकडे जाताना ‘मार्गदर्शन करा’ म्हणून जाऊ नका. ‘या तक्त्यातला तिसरा रकाना कळत नाही’ म्हणून जा. पहिल्याला ‘बघू’ असं उत्तर मिळतं, दुसऱ्याला खुर्ची मिळते. फील्ड प्रोजेक्टचे क्रेडिट्स आता अभ्यासक्रमातच आहेत. ते प्रमाणपत्रं गोळा करण्यात घालवू नका, अशा कामाला लावा. नोकरीचं विचाराल तर एवढंच सांगतो की आकडे आणि माणसाचं बोलणं दोन्ही वाचता येणारा माणूस वर्तमानपत्रात, संस्थांमध्ये, सर्वेक्षणांत आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीतही उपयोगी पडतो.

१९७२ साली वीस वर्षांची असलेली बाई आज सत्तरीच्या पुढे आहे. कागद आणखी पन्नास वर्षांनीही पुराभिलेखागारात सापडतील, पण तिचं तसं नाही. येत्या सुट्टीत गावी जाणार असाल तर आधी आपल्याच घरातल्या आजीपाशी बसा. नाव, गाव, तारीख मोठ्यानं बोलून ध्वनिमुद्रण सुरू करा, आणि ते त्याच रात्री कागदावर उतरवायला घ्या.